सुतकातली चूल

अण्णा, माझे वडील, गेले तेव्हा आमच्या माजघरात उकळून गार केलेल्या पाण्याचा एक हंडा भरलेला होता. तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं, वर पितळी ताटली, आणि ताटलीवर लांब दांड्याचं ओगराळं. तो हंडा मोठ्या आईनं दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणात ओतला.

मोठी आई म्हणजे केशरबाई, माझ्या थोरल्या चुलत्यांची विधवा. पुणतांब्याला गोदावरीच्या उतारावर आमच्या भावकीची घरं एका ओळीत आहेत. तिच्या आणि आमच्या अंगणात गुडघाभर उंचीची मातीची भिंत, एवढंच अंतर. भावकीत कुणाच्या लग्नात काय वाढायचं, कुणाच्या मयताला काय बाहेर काढायचं, हे तीच ठरवायची. तिचं कुणी मोडत नसे. माझी आई तर कधीच नाही.

माणूस गेलं की घरातलं साठवणीचं पाणी विटाळतं, ते ओतून द्यायचं, आणि राख सावडेपर्यंत त्या घरातली चूल पेटवायची नाही, ही आमच्या भावकीची रीत. भाकरी आणि पाणी शेजारच्या भाऊबंदाकडून यायचं. रीत मुळात वाईट नाही. नवरा किंवा लेक गेलेल्या बाईला चुलीपुढं बसवू नये, एवढी माया तिच्यात आहे. पण त्या वैशाखात गावात पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती, आणि अण्णा पटकीनंच गेले होते.

मी संगमनेरला मुलींच्या शाळेत शिकवते. लग्नाच्या वर्षातच नवरा गेला, तेव्हा अण्णांनी भावकीचे टोमणे ऐकत मला पुण्याला शिकायला ठेवलं. लढाई संपली होती, पण साखर आणि रॉकेल अजून रेशनवरच होतं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सुटीला म्हणून घरी आले आणि आठवड्यातच अण्णांनी अंथरूण धरलं.

जे वाचलं होतं ते सगळं मी केलं. नदीच्या डोहातलं पाणी बंद केलं. वाळूत झिरा खणून त्याचं पाणी आणायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, खळखळ उकळायचं. हंड्यात हात किंवा तांब्या बुडवायचा नाही, ओगराळ्यानंच काढायचं. अण्णांच्या ओकाऱ्या-जुलाबाचं सगळं परसात खड्डा करून कळीच्या चुन्याखाली पुरायचं. त्यांच्याजवळून उठलं की राखेनं कोपरापर्यंत हात धुवायचे. भाकरी तव्यावरची ताटात, ताटातली तोंडात, सकाळची संध्याकाळी नाही. चिरलेलं खरबूज घरात आणायचं नाही.

आई हे सगळं माझ्या बरोबरीनं करायची. करताना हसायचीही.

"तुजे हे जंतू म्हंजी नवलच बाई," ती एकदा हात धुताना म्हणाली. "डोळ्याला दिसत न्हाईत आन घरभर धाक त्यांचाच. सासू गेली म्हनून सुटले म्हनलं, तर ही दुसरी आली."

"सासूपेक्षा बरे. राखेला तरी भितात."

"तुजी आजी कशालाच भीत नव्हती," आई म्हणाली, आणि आतून अण्णांनी हाक मारली म्हणून ओल्या हातांनीच पळाली.

अण्णा वाचले नाहीत. पण आईला काही झालं नव्हतं, मला काही झालं नव्हतं. जे हाती होतं ते राखलं होतं. मग मोठी आई आली आणि तिनं हंड्याला हात घातला.

"मोठी आई, ते पाणी उकळलेलं आहे," मी म्हणाले. "राहू द्या ते."

"मयताच्या येळचं पानी हाय ते. विटाळ शिकवीत न्हाईत व्हय तुज्या शाळेत?"

"मग चूल तरी पेटवू द्या. घोटभर पाणी तापवते आईपुरतं."

ती बायांकडे वळली. भावकीतल्या सगळ्या होत्या ओसरीवर. "ऐका गं. बापाचं सरन पेटलं न्हाई अजून, आन हिला चूल पेटवायचीय."

कुणीतरी 'आगं बाई' म्हणालं. मी पुढं काही बोलणार होते. आईनं माझा पदर धरला. "मुक्ता, राहू दे. आज नको. मानूस दारात हाय."

मी गप्प बसले नाही, मागच्या दारानं निघाले. आमच्या परसाला लागून मुबारकबी राहते. तिचा नवरा बांगड्या भरतो. तिच्या चुलीवर मी किटली ठेवली. मुबारकबी चुलीत काटक्या सारत राहिली. पाण्याला आधण आलं, तशी मी किटली फडक्यात धरून परत फिरले.

दारात आले तेव्हा कळशी आली होती. भावकीतली कडूबाई डोहावरून भरून घेऊन आली होती. त्याच डोहात सकाळी अण्णांची वाकळ आणि धोतरं बुचकळून काढली होती. मी ती जाळा म्हणाले होते. गंगेत टाकलं की सगळं जातं, असं मोठ्या आईनं सांगितलं आणि बाया ती घेऊन गेल्या. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. वैशाखात ती गंगा वाहत नसते, डोहाडोहात साचून असते.

मोठ्या आईनं कळशीत तांब्या बुडवला, मनगटापर्यंत हात आत घालून. तो आईच्या ओठाला लावला. "पी गं गोजर. गंगा हाय ती. पी, बरं वाटंल."

आईच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. ती एका दमात सगळा तांब्या प्याली.

मोठी आई हे मायेनं बोलली होती. ते मी विसरलेली नाही. त्यामुळे तिचा दोष काही कमी होत नाही.

मग तिला माझ्या हातातली किटली दिसली. "कुठनं आनलीस?"

"मुबारकबीच्या चुलीवरून."

"मुसलमानाच्या चुलीवरचं पानी? सुतकातल्या बाईला?" तिनं किटली माझ्या हातातून घेतली आणि हंडा ओतला होता तिथंच ओतली. पाणी इतकं गरम होतं की ओल्या मातीतून वाफ आली.

राख सावडली त्या दिवशी दुपारी आईला सुरू झालं. तेव्हा मी कुणाला न विचारता चूल पेटवली, पाणी उकळलं, तांदळाची पेज मीठ घालून पाजली. जे पोटात जाई ते बाहेर येई. तिचे हात दिवसभर धुणं धुतल्यासारखे सुरकुतले, आवाज गेला, नुसते ओठ हलायचे. ओठांवरून कळायचं की पाणी मागते आहे. कोपरगावच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी मिळाली, पण वाटेतच ती गेली. गाडीवाल्यानं बैल थांबवले आणि टोपी काढली, तेव्हा मला समजलं.

तिच्या मयताला मी मोठ्या आईला आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पाणी ओतू दिलं नाही. चूल पेटती ठेवली. भावकीनं ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

दहाव्याला घाटावर सगळी भावकी जमली. पिंडाला कावळा लवकर शिवेना. बाया एकमेकींकडे बघू लागल्या, आणि मोठ्या आईनं ती संधी घेतली. आवाज चढवला नाही तिनं, साध्या बोलण्यासारखं बोलली.

"कावळा कशाला शिवंल? उकळलेलं पानी म्हंजी मेलेलं पानी. पोरीनं आईबापाला मेलेलं पानी पाजलं. मानसात जीव कुठनं ऱ्हाईल? मरीआईनं इचारलंच आसंल, माज्या गंगेत काय खोट काढली तुमी?"

"डोहाच्या पाण्यानं गेली ती," मी म्हणाले. "तुमच्या तांब्यातल्या."

"त्याच कळशीतलं मी प्याले. कडू प्याली. छगनभावजी प्याले. आमाला का गं न्हाई काय झालं?"

यावर मला उत्तर होतं. एकाच पाण्यानं सगळी माणसं सारखी आजारी पडत नाहीत, उपाशी आणि जागरण झालेलं माणूस आधी पडतं, हे मी वाचलेलं होतं. पण घाटावर, कावळ्याची वाट बघत बसलेल्या बायांना ते पुस्तकातलं वाटलं असतं. मोठ्या आईचं बोलणं मात्र त्यांना समजलं. कडूबाईनं माझ्यापासून थोडं सरकून घेतलं. त्या दिवसापासून भावकीतली एकही लेकुरवाळी माझ्या अंगणात आली नाही. आईबापांना पाणी पाजून मारणारी, हे माझं नाव झालं.

तेराव्यानंतर मी संगमनेरला परत जायची होते. गेले नाही. शाळा उघडायला अवकाश होता, आणि मला एक गोष्ट हवी होती. मोठ्या आईच्या तोंडून, त्याच बायांच्या देखत, एक वाक्य. मुक्ताच्या आईला मी मारलं, असं तिनं म्हणायला हवं होतं. दुसरं काही नको. शेत नको, घराची वाटणी नको. त्या वाक्याशिवाय मी गाव सोडणार नव्हते.

सकाळी झिऱ्यावर जायचं, पाणी आणायचं, उकळायचं, हंडा भरून ठेवायचा. एकटीला कशाला लागतो हंडाभर, असं मुबारकबीनं विचारलं. मी म्हटलं, सवय राहू दे. मोठी आई तिच्या अंगणातून बघायची. "पानी शिजलं का मास्तरीनबाई?" म्हणायची. "मीठ-मिरची घातलं का न्हाई?" तिच्या अंगणातल्या बाया हसायच्या. तिची सून चांगुणा मात्र हसायची नाही. तिला सातवा महिना होता. एकदा भिंतीपाशी येऊन तिनं हळूच विचारलं, "ताई, खरंच शिजवल्यावर मरत्यात का ते?"

"खळखळून उकळलं तर मरतात. नुसतं कोमट करून नाही."

"आन दही? दह्यात बी आसत्यात का?"

आतून हाक आली. ती गेली.

पंचायतीच्या विहिरीत तांबडं औषध टाकायला माणूस आला, तेव्हा मोठ्या आईनं तिच्या मळ्यातल्या विहिरीवर त्याला येऊ दिलं नाही. गावात माणसं जात होती. मरीआईच्या ओट्यावर नारळांची रास पडली होती. मी वाट बघत होते. कशाची, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही, आणि आता विचारायची गरज उरली नाही.

बेलापूरच्या बाजाराहून सहादेव परत आला तो पोट धरूनच. सहादेव म्हणजे मोठ्या आईचा एकुलता एक मुलगा, चांगुणाचा नवरा. माझ्याहून वर्षभरानं लहान. आम्ही एका पाटीवर मुळाक्षरं गिरवलेली. मी मीठ घातलेली पेज आणि उकळलेलं पाणी घेऊन भिंत ओलांडली. मोठी आई दारात आडवी उभी राहिली.

"तुज्या हाताला यश न्हाई. दोन मानसं खाल्लीस. हा न्हाई मिळायचा."

"मोठी आई, मला शिव्या द्या, पण हे त्याला द्या."

"जा म्हनते ना."

मी गेले. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत तिच्या घरातून आक्रोश ऐकू आला.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. तिच्या घरातलं पाणी अंगणात ओतलं गेलं. चुलीतला विस्तव काढून पाणी मारून विझवला गेला. पुरुषमाणसं सहादेवला घेऊन नदीकडे निघाली. निघण्याआधी भावकीतले वडीलधारे छगनतात्या आमच्या दारात आले. ते माझ्याशी बोलायला संकोचत होते.

"मुक्ते, काय झालं-गेलं आसंल ते. पर शेजारची भावकी तू हायेस. रीतीपरमानं भाकर-पानी तुज्या घरनं जायला पायजे. त्या पोरीच्या पोटात जीव हाय."

"आणते तात्या," मी म्हणाले. "तुम्ही चला."

त्यांनी हात जोडले आणि गेले.

मी भाकरी थापल्या नाहीत. आईचा हंडा घेतला, आतून-बाहेरून चिंच आणि राखेनं घासून ठेवलेला, आणि रिकामाच डोक्यावर घेतला. बाभळीची वाळकी लाकडं काखेत मारली. माझ्या चुलीतला रसरशीत विस्तव लोखंडी घमेल्यात भरला. चाळलेल्या राखेचं गाडगं विस्तवाशेजारी त्याच घमेल्यात बसवलं. मातीची भिंत ओलांडून मी मोठ्या आईच्या अंगणात गेले.

बाया ओसरीवर बसल्या होत्या. मला बघून एकदम थांबल्या. मयताच्या घरी विस्तव घेऊन कुणी येत नाही.

मोठी आई खांबाला टेकून बसली होती. डोळे कोरडे. एका दिवसात तिचा चेहरा आत गेला होता. चांगुणा तिच्या पायाशी, भिंतीला डोकं लावून. ओसरीच्या कडेला कळशी होती, कडूबाईनं नुकतीच डोहावरून आणलेली. तिच्यावर झाकण नव्हतं. माशा काठावर बसत होत्या आणि उठत होत्या.

"भाकर कुठंय?" कडूबाई म्हणाली.

"भाकर आणली नाही."

"आगं, रीत हाय! दुसमनाच्या घरी बी भाकर धाडत्यात."

मी हंडा, लाकडं आणि घमेलं खाली ठेवलं. चांगुणानं डोळे उघडले. "आत्याबाई," ती म्हणाली, "पानी." तिचा आवाज घासून निघत होता. सकाळपासून ओरडून ओरडून घसा गेला होता.

मोठ्या आईचा हात सवयीनं पुढं झाला. तिनं कळशीत तांब्या बुडवला, मनगटापर्यंत. भरून वर काढला. सुनेच्या तोंडाशी नेला. तिथं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"द्या की," मी म्हणाले. "माझ्या आईला दिलंत तसंच द्या."

तांब्या चांगुणाच्या तोंडाशीच राहिला.

"गंगा आहे ती. त्याच कळशीतलं तुम्ही प्याला होता, कडूवहिनी प्याल्या होत्या, तुम्हाला काही झालं नव्हतं. मग द्या. बरं वाटेल तिला."

तांब्या चांगुणाच्या ओठाला लागला असता तर मी तो उडवला असता. पण हे मोठ्या आईला माहीत नव्हतं, आणि मी तिला कळू दिलं नाही. तिच्यापुढं मी नुसती उभी राहिले, हात बांधून.

तांब्यातलं पाणी डुचमळायला लागलं. आधी काठावर, मग बाहेर, तिच्या मांडीवर. चांगुणानं पुढं होऊन तोंड लावायचा प्रयत्न केला, तसा मोठ्या आईनं तांब्या मागं ओढला. इतक्या जोरात, की अर्धं पाणी खांबावर उडालं.

"आत्याबाई?" चांगुणा म्हणाली.

"नगं," मोठी आई म्हणाली. "नगं पिऊस हे."

नदीकडून पुरुषांचं रामनाम ऐकू आलं. कडूबाईनं आपल्या कळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून सगळं सरळ वाचता येत होतं. घाटावर ती कशासाठी सरकून बसली होती, तेही तिला आता आठवत असावं.

"का नको?" मी विचारलं.

मोठी आई तांब्यात बघत राहिली.

"का नको पिऊ तिनं? मोठ्यानं सांगा. या सगळ्या ऐकतायत."

"मुक्ते, आज माजा लेक गेला."

"हो. त्या दिवशी माझे वडील गेले होते. आईनं मला म्हटलं, आज नको. मी ऐकलं."

"तिचा घसा सुकलाय गं," कडूबाई मध्ये पडली. "आदी पानी तर दे त्या पोरीला, मग काय ते..."

"पाणी मिळेल. हंडा इथंच आहे, विस्तव इथंच आहे. मोठी आई, का नको?"

तिनं तांब्या खाली ठेवला. हात पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"ह्या पान्यानं गोजर गेली," ती म्हणाली. "मीच पाजलं."

"आणि घाटावर जे बोललात?"

"ते खोटं हुतं."

मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आतून काहीतरी सैल होईल. तसं झालं नाही. मला फक्त आईचे ओठ दिसले, गाडीत हलणारे. मी घमेलं मोठ्या आईच्या पुढ्यात सरकवलं.

"आता चूल पेटवा."

"सुतकातली चूल? मी?"

"तुम्ही. मी नाही पेटवणार. कडूवहिनी नाही, कुणीच नाही. तुमच्या घरातली चूल तुमच्याच हातानं."

बायांपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. भावकीत आजवर असं झालं नव्हतं. कुणाच्या अंगणात चुलीची राख उरली होती एवढ्यावरून बायांना महिनामहिना वाळीत टाकलेलं मी पाहिलं होतं, ते टाकणारी हीच होती. मोठी आई भिंत धरून उठली. गुडघे दुखतात तिचे. घमेलं उचलायला कुणी पुढं झालं नाही, मीही नाही. तिनं विस्तव चुलीत ओतला, लाकडं रचली, फुंकणी घेऊन वाकली. चूल सकाळीच पाण्यानं विझवलेली, ओली. धूर सगळा तिच्या तोंडावर आला. ती खोकत फुंकत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते धुराचं होतं की सहादेवचं, मी बघायला गेले नाही.

कडूबाईला मी झिऱ्यावर पाठवलं. ती निमूट गेली, आणि कधी नव्हे ती पळत परत आली. पाणी हंड्यात गाळायचं होतं.

"हात धुवा," मी मोठ्या आईला म्हणाले.

तिनं हात पाण्यात बुचकळले.

"असे नाही. राखेनं."

राखेचं गाडगं मी तिच्यापुढं धरलं. तिनं तळहात चोळले.

"नखं. बोटांच्या मधे. मनगट. कोपरापर्यंत."

तिनं चोळलं.

"पुन्हा."

"झालं की गं स्वच्छ."

"दिसायला झाले. पुन्हा."

तिनं पुन्हा चोळले. बाया बघत होत्या. ज्या हातांच्या इशाऱ्यावर त्या उठायच्या-बसायच्या, ते हात राखेत काळे-पांढरे होत होते. मी तिला आणखी एकदा धुवायला लावलं. गरज होती का? नव्हती. दुसऱ्यांदाच ते पुरेसे झाले होते.

फडकं दुहेरी करून तिनं हंड्याच्या तोंडाला बांधलं, पाणी गाळलं, हंडा चुलीवर चढवला. मग आम्ही वाट बघत बसलो, ती चुलीच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. चांगुणाला मी माझ्या घरातल्या भरल्या हंड्यातलं गार केलेलं पाणी तेवढ्यात आणून दिलं. तिच्या पोटातल्या जिवाशी माझं भांडण नव्हतं. मोठ्या आईनं ते पाहिलं. पाणी माझ्याकडे आधीपासून होतं, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला आता माझी पूर्ण ओळख पटली होती.

पाण्यात बारीक बुडबुडे आले, तशी ती उठायला लागली.

"उकळलं."

"नाही. बसा. खालपासून वरपर्यंत खळखळू द्या."

ती बसली. पाणी खळखळलं. मी आणखी बराच वेळ तिला बसवून ठेवलं, धुरात.

पुरुषमाणसं नदीवरून परतली तेव्हा कौलांतून धूर निघत होता. छगनतात्या अंगणातच थबकले. बाकीचे त्यांच्या मागं, ओल्या धोतरांनी.

"हे काय? सुतकाच्या घरातनं धूर?" त्यांचा आवाज चढला. ते माझ्याकडे वळले. "मुक्ते, ही तुजी करनी. आगं, काय मांडलंस हे? बापाच्या भावकीची अब्रू..."

उत्तर मोठ्या आईनं द्यायचं होतं. ते माझं काम नव्हतं. मी मोठ्या आईकडे बघत राहिले.

ती चुलीपासून उठली. तिचे केस सुटले होते, कपाळावर राख होती.

"मी पेटवली भावजी," ती म्हणाली. "माज्या हातानं पेटवली. आत या, हात धुवा, मग पानी प्या. डोहाचं कुनी पिऊ नका."

छगनतात्यांनी आधी तिच्याकडे, मग बायांकडे पाहिलं. कडूबाईच राखेचं गाडगं घेऊन पुढं झाली. "धुवा भावजी. कोपरापर्यंत," ती म्हणाली, जणू ती हे वर्षानुवर्षं सांगत आली होती.

भाकरी मग मोठ्या आईच्याच तव्यावर झाल्या. गरम गरम वाढल्या, उरलेल्या उद्याला ठेवल्या नाहीत. पाणी ओगराळ्यानं दिलं. डोहाची कळशी मी परसात नेऊन चुन्याच्या खड्ड्यात ओतली. भावकीतली बायामाणसं एकेक करून घरी गेली. जाताना दोघीतिघींनी मला विचारलं, आमच्या घरी येशील का गं उद्या, जरा दाखवायला. घाटावर ज्या बायांनी ऐकलं होतं त्याच या होत्या. मी येईन म्हणाले.

शेवटी ओसरीवर मोठी आई आणि मीच उरलो. चांगुणा आत झोपली होती. तिला काही झालं नाही, पुढंही झालं नाही. आषाढाच्या शेवटी ती मुलीची आई झाली. पण ते त्या दिवशी कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी मोठी आई तिच्या प्रत्येक कूस बदलण्याकडे कान लावून होती. दारातून तिचा श्वास ऐकू यायचा, आणि थोडा कमी झाला की मोठी आई अर्धवट उठायची. मीही आईजवळ अशीच बसले होते.

"उद्या कळंल व्हय गं?" तिनं विचारलं. "तिला काय झालं तर?"

"उद्या, परवा. कधी त्याच्या पुढंही. वाट बघायची."

तिनं आत डोकावून पाहिलं. मी तिला दुसरं काही सांगितलं नाही. चांगुणानं त्या कळशीतलं पाणी घेतलेलं नव्हतं, घाबरायचं कारण कमी होतं, हे मी सांगू शकले असते.

मी हंडा सोडून बाकीचं सामान गोळा करू लागले. मोठी आई तिच्या हातांकडे बघत होती. राखेनं सालटं निघाली होती, बोटांच्या सांध्यात लाल झालं होतं.

"मुक्ते," ती म्हणाली. "समद्यांच्या म्होरं बोलले. चूल पेटवली. आता तरी झालं का तुजं समाधान?"

"नाही," मी म्हणाले. "सकाळी येते परत. हंडा घासून ठेवा."